खरे, खोटे आणि मधले चार प्रकार

कोलकात्यात हुगळी नदीच्या डाव्या काठावर गार्डन रीच नावाचा भाग आहे. तेथे १८८४ मध्ये जहाजांची कामे करणारा एक छोटा कारखाना सुरू झाला. १९६० मध्ये भारत सरकारने तो ताब्यात घेतला. आज 'गार्डन रीच शिपबिल्डर्स अँड इंजिनिअर्स' या नावाने तो नौदलासाठी युद्धनौका बांधतो. स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली युद्धनौका 'आयएनएस अजय' (१९६१) ही याच गोदीची. 'कामोर्टा', 'कदमत', 'किल्तान' आणि 'कवरत्ती' या चार पाणबुडीविरोधी नौकाही येथेच तयार झाल्या. त्यांपैकी 'कामोर्टा' २३ ऑगस्ट २०१४ रोजी नौदलात दाखल झाली.

पाणबुडीविरोधी नौकेपुढे सतत एकच प्रश्न असतो: पाण्याखाली पाणबुडी आहे का? प्रश्नाला उत्तरे दोनच दिसतात, आहे किंवा नाही. पण सोनारसमोर बसलेल्या नाविकाला पुष्कळदा या दोन्हींपैकी एकही उत्तर छातीठोकपणे देता येत नाही. अशा 'धड हो नाही आणि धड नाही नाही' या अवस्थेचे काय करायचे, यावर तर्कशास्त्रात सुमारे २३०० वर्षे विचार चालू आहे.

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. 'हो की नाही, सांगता येत नाही' हे एक उत्तर नसून त्यात चार वेगवेगळी उत्तरे दडलेली असतात. चारही उत्तरांवर उपाय वेगळे आहेत. ती एकमेकांत मिसळली, तर गणित चुकते आणि कधी कधी माणसे मरतात.

दोन मूल्यांचे तर्कशास्त्र

ज्या वाक्याबद्दल 'हे खरे आहे का?' असे विचारता येते, त्याला विधान म्हणतात. 'सावधान!' हे विधान नाही, ती आज्ञा आहे. 'सर्व कॅडेट मैदानावर आहेत' हे विधान आहे. पारंपरिक तर्कशास्त्राचे दोन मुख्य नियम असे: एक, कोणतेही विधान एकाच वेळी खरे आणि खोटे असत नाही. दोन, कोणतेही विधान खरे तरी असते किंवा खोटे तरी. मधली जागा नाही. खऱ्याला १ आणि खोट्याला ० असे सत्यता मूल्य देतात.

येथे एक गैरसमज दूर करू. रोल कॉलमध्ये आपण हजर, रजेवर, आजारी, ड्युटीवर अशा चार नोंदी करतो. म्हणून रोल कॉलचे तर्कशास्त्र चार मूल्यांचे होत नाही. 'हजर' आणि 'रजेवर' ही एकमेकांची नेमकी उलट विधाने नाहीत. 'हजर' याच्या नेमके उलट 'हजर नाही' एवढेच, आणि त्यात उरलेल्या तिन्ही नोंदी येतात. पर्याय पुष्कळ असणे वेगळे आणि सत्यता मूल्ये पुष्कळ असणे वेगळे.

दोन मूल्यांच्या तर्कशास्त्राची ताकद मोठी आहे. जॉर्ज बूलने १८५४ मध्ये त्याचे बीजगणित मांडले. क्लॉड शॅननने १९३७ मध्ये आपल्या प्रबंधात दाखवले, की विजेच्या स्विचांची जोडणी याच बीजगणिताने चालते. एकापुढे एक जोडलेले दोन स्विच म्हणजे 'आणि'. दोघेही चालू असतील तरच दिवा लागतो. शेजारी-शेजारी समांतर जोडलेले दोन स्विच म्हणजे 'किंवा'. आजचा प्रत्येक संगणक याच पायावर उभा आहे.

तरीही यंत्रातसुद्धा मधली जागा अगदीच नसते असे नाही. ५ व्होल्टवर चालणाऱ्या टीटीएल प्रकारच्या सर्किटात ०.८ व्होल्टपर्यंतचा संकेत ० धरतात आणि २ व्होल्टपासून पुढचा १ धरतात. मधल्या पट्ट्यात संकेत आला तर सर्किट काय समजेल याची हमी नसते. इंजिनिअर या पट्ट्याला उगीच ० किंवा १ म्हणत नाहीत. ते त्याला वेगळे ठेवतात आणि संकेत तेथे रेंगाळणार नाही अशी रचना करतात.

आणखी एक मर्यादा आपल्याला महाभारतातून माहीत आहे. अश्वत्थामा नावाचा माणूस मेला किंवा हत्ती मेला, हे धर्मराजाचे विधान तर्काच्या नियमाने पूर्ण खरे होते. 'किंवा'च्या दोन बाजूंपैकी एक खरी असली की पुरे, आणि हत्ती मेलाच होता. तरी द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले. मराठीत 'नरो वा कुंजरो वा' म्हणजे टाळाटाळीचे उत्तर, ते यामुळेच. विधान खरे असणे आणि रिपोर्ट उपयोगाचा असणे या दोन गोष्टी आहेत.

पहिला प्रकार: ठाऊक नाही

आता सोनारकडे वळू. सोनार पाण्यात ध्वनी सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. प्रतिध्वनी ४ सेकंदांनी आला, तर ध्वनी जाऊन-येऊन ६००० मीटर फिरला, म्हणजे वस्तू ३००० मीटरवर आहे. अंतर कळले, पण वस्तू कोणती ते कळले नाही. प्रतिध्वनी पाणबुडीचा असेल, देवमाशाचा असेल, माशांच्या थव्याचा असेल किंवा तळाशी पडलेल्या बुडालेल्या जहाजाचा असेल.

म्हणून अनेक नौदलांत अशा संपर्काला दर्जा देण्याची पद्धत आहे: पाणबुडी नाही, पाणबुडी असू शकेल, बहुधा पाणबुडी आहे, नक्की पाणबुडी आहे. ही चार सत्यता मूल्ये आहेत का? नाहीत. पाण्याखाली पाणबुडी आहे तरी किंवा नाही तरी. दर्जा आहे तो आपल्या माहितीचा. समुद्राच्या बाबतीत जुने दोन मूल्यांचे तर्कशास्त्र येथे जराही मोडलेले नाही.

या प्रकारावरचा उपाय म्हणजे आणखी माहिती मिळवणे: जहाजाची दिशा बदलून पुन्हा ऐकणे, हेलिकॉप्टर पाठवणे, प्रतिध्वनी हलतो आहे का ते पाहणे.

संगणकातल्या माहितीच्या तक्त्यांतही ही अडचण येते. समजा १०० कॅडेटांच्या यादीत तिघांची जन्मतारीख कोरी आहे. 'वय १५ पेक्षा जास्त असलेले दाखव' म्हटल्यावर ६० नावे आली. 'वय १५ पेक्षा जास्त नसलेले दाखव' म्हटल्यावर ३७ आली. एकूण ९७. कोरी तारीख असलेले तिघे दोन्ही याद्यांतून गळाले, कारण अशा तक्त्यांत खरे आणि खोटे यांच्या जोडीला 'अज्ञात' हे तिसरे मूल्य वापरतात. स्टीफन क्लीनी या अमेरिकन गणितज्ञाने १९३८ मध्ये याच धर्तीचे तीन मूल्यांचे तर्कशास्त्र मांडले होते. त्या तिघांना वय नाही असे नव्हे. यंत्राला ते ठाऊक नाही, एवढेच.

दुसरा प्रकार: ठरलेले नाही

ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घेतलेले उदाहरण योगायोगाने आरमाराचेच आहे: 'उद्या आरमारी लढाई होईल.' हे विधान आज खरे आहे का? आजच खरे असेल, तर लढाई होणारच. सेनापतीने विचार करण्यात अर्थ नाही. आजच खोटे असेल, तर लढाई होणे शक्यच नाही. तयारी करण्यातही अर्थ नाही. पण आपण तर विचारही करतो आणि तयारीही करतो. पाणबुडीच्या प्रश्नाहून हा प्रश्न वेगळा आहे. तेथे उत्तर पाण्याखाली तयार होते, आपल्याला दिसत नव्हते. येथे उत्तरच अजून तयार झालेले नाही.

पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी १९२० मध्ये यासाठी तिसरे मूल्य सुचवले. ते आपण अर्धा (१/२) असे लिहू. त्यांचे नियम सोपे आहेत. 'नाही' लावले की मूल्य १ मधून वजा करायचे. 'आणि'साठी दोन मूल्यांतले लहान घ्यायचे. 'किंवा'साठी मोठे घ्यायचे. फक्त ० आणि १ घालून पाहिले तर आपली नेहमीचीच सत्यता सारणी मिळते. म्हणजे जुने तर्कशास्त्र या नव्याच्या पोटात राहते.

आता 'लढाई होईल' याचे मूल्य १/२ धरू. 'लढाई होणार नाही' याचे मूल्य १ वजा १/२, म्हणजे १/२. मग 'लढाई होईल किंवा होणार नाही' याचे मूल्यही १/२ येते. येथे मन अडखळते. काय होईल ते ठरले नसले, तरी दोहोंपैकी एक होणारच, हे आपल्याला आजच पूर्ण खरे वाटते. ॲरिस्टॉटललाही ते मान्य होते. उलट 'लढाई होईल आणि होणारही नाही' हे सरळ खोटे असायला हवे, पण त्याचेही मूल्य १/२ येते.

दोष कोठे आहे ते नाण्याने स्पष्ट होते. येथे १/२ हे संभाव्यतेचे माप धरू. एका नाण्यावर छापा पडण्याची संभाव्यता १/२, काटा पडण्याचीही १/२. त्याच नाण्यावर एकाच फेकीत 'छापा आणि काटा' पडण्याची संभाव्यता ०. दोन वेगळ्या नाण्यांवर 'छापा आणि छापा' पडण्याची १/४. एकाच नाण्याबद्दल 'छापा आणि छापा' असे दोनदा म्हटले तर १/२. तिन्ही वेळा आपण १/२ आणि १/२ जोडले, पण उत्तरे तीन आली. म्हणून फक्त दोन मूल्ये पाहून 'आणि'चे उत्तर देणारा कोणताही एक नियम अनिश्चिततेला पुरा पडत नाही. दोन विधानांचा एकमेकांशी संबंध काय, हेही पाहावे लागते.

यावर एक चांगला मार्ग रिचमंड थॉमसन यांनी १९७० मध्ये दाखवला. उद्यापर्यंत जाणारे सगळे शक्य मार्ग विचारात घ्या. विधान सगळ्या मार्गांवर खरे ठरत असेल, तर ते आजच खरे. सगळ्या मार्गांवर खोटे ठरत असेल, तर आजच खोटे. काही मार्गांवर खरे आणि काहींवर खोटे ठरत असेल, तर अजून ठरलेले नाही. 'लढाई होईल किंवा होणार नाही' हे सगळ्याच मार्गांवर खरे ठरते, म्हणून ते आजच खरे.

गार्डन रीचच्या काठावर हा फरक रोज दिसतो. हुगळीला समुद्राची भरती-ओहोटी लागते आणि तिच्या वेळांची कोष्टके आधीच छापलेली असतात. 'उद्या भरती येईल' हे विधान भविष्याचे आहे, पण चंद्र-सूर्यांच्या गतीने ते ठरून गेलेले आहे. 'उद्या नव्या नौकेचे जलावतरण होईल' हेही भविष्याचेच, पण ते माणसांच्या निर्णयावर, कामाच्या प्रगतीवर आणि हवामानावर अवलंबून आहे. भविष्यातले सगळेच अनिश्चित नसते. या प्रकारावर जास्त निरीक्षण करून उपाय होत नाही. येथे तयारी करावी लागते किंवा निर्णय घ्यावा लागतो.

तिसरा प्रकार: बाजू सांगितलेली नाही

नदीच्या वाटेवर जहाजांना रस्ता दाखवण्यासाठी रंगीत बोये ठेवतात. भारतात चालणाऱ्या पद्धतीप्रमाणे समुद्राकडून बंदरात शिरताना लाल बोया जहाजाच्या डाव्या हाताला राहतो. तेच जहाज समुद्राकडे परत निघाले की लाल बोया उजव्या हाताला येतो. मग 'लाल बोया डावीकडे असतो' हे विधान खरे की खोटे? बोया जागेवरून हललेला नाही. विधानात बाजू सांगायची राहिली आहे.

जैन तत्त्वज्ञानातला स्याद्वाद हाच मुद्दा फार खोलवर नेतो. त्यात 'स्यात्' हा शब्द प्रत्येक विधानाला लावतात. त्याचा अर्थ 'कदाचित' असा नाही. 'एका विशिष्ट अपेक्षेने पाहता' असा आहे. आहे, नाही आणि अवक्तव्य (म्हणजे एका शब्दात सांगता न येणारे) हे तीन मूळ घटक. ते एकेकटे घेतले तर ३, दोन-दोन घेतले तर ३ आणि तिन्ही मिळून १, असे एकूण ७ प्रकार होतात. यालाच सप्तभंगी म्हणतात. आपण गणितात शिकतो त्या उपसंचांची ही मोजणी आहे: तीन घटकांचे ८ उपसंच, त्यांतून रिक्त संच वगळला की ७.

या विचाराचा आधुनिक अभ्यास गार्डन रीचपासून याच नदीच्या वरच्या अंगाला, कोलकात्याच्या उत्तरेस बरानगर येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत झाला. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ च्या एका लेखात स्याद्वादाचा संबंध संख्याशास्त्राच्या पायाशी जोडला. त्याच संस्थेत आलेले प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९५७ मध्ये 'संख्या' या संस्थेच्या नियतकालिकात सप्तभंगीवर स्वतंत्र लेख लिहिला.

स्याद्वाद हे अनेक मूल्यांचे तर्कशास्त्र आहे की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला असे वाटते, की बोयाच्या उदाहरणात तरी तिसऱ्या मूल्याची गरज नाही. 'समुद्राकडून आत येताना लाल बोया डावीकडे राहतो' असे पूर्ण वाक्य बोलले की ते सरळ खरे होते. या प्रकारावरचा उपाय म्हणजे कोठून पाहिले ते सांगणे. नकाशावाचनात 'झाड उजवीकडे आहे' असे न सांगता दिशा अंशांत सांगतात, ते यासाठीच.

चौथा प्रकार: सीमा आखलेली नाही

गार्डन रीचच्या कंपनीने उथळ पाण्यात पाणबुडी शोधणाऱ्या आठ नौकाही बांधायला घेतल्या. त्या वर्गातली पहिली 'आयएनएस अर्नाळा' १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली. ही नौका एल अँड टी कंपनीच्या भागीदारीत बांधली गेली. तिचे नाव आपल्या वसईजवळच्या अर्नाळा या जलदुर्गावरून ठेवले आहे. चिमाजी आप्पांच्या काळात, १७३७ मध्ये मराठ्यांनी तो बांधला.

पण 'उथळ' म्हणजे किती? समजा १० मीटर पाणी नक्की उथळ आहे आणि १००० मीटर नक्कीच नाही. १० मध्ये एक-एक मीटर वाढवत गेलो, तर कोणत्या मीटरला पाणी उथळ असायचे थांबेल? अशी ठरावीक जागा दाखवता येत नाही. येथे माहितीची उणीव नाही, खोली आपण अचूक मोजलेली आहे. उद्याचीही वाट पाहायची नाही. बाजूही सांगितलेली आहे. अस्पष्टता शब्दातच आहे.

अशा शब्दांसाठी लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये ० आणि १ यांच्या मधली सगळी मूल्ये वापरणारी 'फझी' संचांची कल्पना मांडली. त्यात एखादे पाणी ०.९ इतके उथळ असू शकते, दुसरे ०.३ इतके. जपानमधील सेंदाई शहराच्या मेट्रोत १९८७ पासून गाडीचा वेग आणि ब्रेक सांभाळण्यासाठी ही पद्धत वापरली गेली. येथले ०.५ आणि नाण्याचे ०.५ यांत मोठा फरक आहे. नाणे पडले की ०.५ संपते, ० किंवा १ उरतो. पाण्याची खोली कितीही वेळा मोजली तरी 'निम्मे उथळ' हे निम्मे उथळच राहते. उपाय दोनच: अंश मान्य करणे किंवा कामापुरती रेषा आखणे, जसे 'या मोहिमेत अमुक मीटरपर्यंतचे पाणी उथळ समजावे.'

आदेश मात्र दोनच

३ जुलै १९८८ रोजी पर्शियन आखातात 'व्हिन्सेन्स' या अमेरिकन युद्धनौकेच्या रडारवर एक विमान दिसले. ते इराण एअरचे बंदर अब्बासहून दुबईला जाणारे प्रवासी विमान होते. जहाजावर ते हल्ला करायला येणारे लढाऊ विमान समजले गेले आणि क्षेपणास्त्रे सोडली गेली. विमानातले सर्व २९० जण मरण पावले. चौकशीत आढळले, की जहाजाच्या यंत्रणेतल्या नोंदीप्रमाणे विमान वर चढत होते, पण नियंत्रण कक्षात ते खाली येत असल्याचे रिपोर्ट दिले गेले.

तर्काच्या दृष्टीने 'हे विमान शत्रूचे आहे किंवा नाही' हे विधान पूर्ण वेळ खरे होते. दोन मूल्यांच्या नियमाचा यात दोष नाही. घोटाळा पहिल्या प्रकारात झाला. 'हे मित्राचे आहे असे ठाऊक नाही' आणि 'हे मित्राचे नाही असे ठाऊक आहे' ही दोन वाक्ये पाहा. शब्द जवळजवळ तेच, फक्त 'नाही'ची जागा बदलली. पहिल्या वाक्यात अज्ञान आहे, दुसऱ्यात माहिती आहे. तणावात माणूस पहिल्यावरून दुसऱ्यावर कधी घसरतो ते त्यालाही कळत नाही.

कमांडरला अर्धे क्षेपणास्त्र सोडता येत नाही. त्याचा आदेश 'फायर' किंवा 'थांबा' एवढाच असतो, आणि थांबणे हाही निर्णयच आहे. आदेश दोन मूल्यांचा असल्यामुळे त्याच्याआधीचा रिपोर्टही दोन मूल्यांचा असावा, असे आपल्याला वाटू लागते. प्रत्यक्षात उलटे हवे. रिपोर्ट देणाऱ्याने 'सांगता येत नाही' एवढ्यावर न थांबता कारणही सांगितले पाहिजे. ठाऊक नसेल तर कमांडर थोडा वेळ देऊन पुन्हा पाहायला सांगेल. ठरलेले नसेल तर तो दोन्ही तयारी ठेवेल. बाजू राहिली असेल तर विचारून घेईल. शब्द संदिग्ध असेल तर आकडा मागेल. कारणाशिवाय मिळालेला रिपोर्ट त्याच्यासाठी 'नरो वा कुंजरो वा' इतकाच उपयोगाचा असतो.

स्वतः सोडवून पाहा

खालील विधाने चारपैकी कोणत्या प्रकारात बसतात? एखादे कोणत्याच प्रकारात बसत नसेल, तर तसे लिहा.

१. या बंद डब्यात लाडू आहेत.
२. पुढच्या वर्षी आपला संघ हॉकीचा चषक जिंकेल.
३. मैदान वसतिगृहाच्या उजवीकडे आहे.
४. हा कॅडेट उंच आहे.
५. २०२८ च्या फेब्रुवारीत २९ दिवस असतील.
६. वुकाशेविच यांच्या नियमाने क = १/२ आणि ख = ० असताना 'क किंवा ख' आणि 'क नाही, आणि ख' यांची मूल्ये काढा.

उत्तरे: १. ठाऊक नाही (डबा उघडा). २. ठरलेले नाही (सराव करा). ३. बाजू सांगितलेली नाही. ४. सीमा आखलेली नाही. ५. कोणताच नाही, विधान भविष्याचे असले तरी आजच खरे आहे. ६. १/२ आणि ०.